चर्मकरंड : कातडी नावेची बांधणी व जुन्या कागदांतील तिचा माग

१

मोहिमेच्या पत्रांत किंवा बखरींत नदी ओलांडल्याची हकीकत बहुधा एकाच वाक्यांत आटोपलेली असते. अमुक तिथीस नदी उतरून पैलतीरीं मुक्काम केला, एवढें लिहून लेखक पुढील मजकुराकडे वळतो. पाणी किती होतें, घोडीं पोहून गेलीं कीं उतारानें गेलीं, तोफा व दाणागोटा कशावर घालून नेला, नाव होती तर ती कोठून आली, यांविषयीं कागद मुका असतो. आपण संग्राहक तिथि जुळवितों, शिक्का तपासतों, मोडी अक्षराचें वळण पाहतों. परंतु त्या एका वाक्याच्या पोटांत किती माणसांचे किती दिवसांचे श्रम गडप झाले आहेत, हें विचारावयाचें राहून जातें.

प्रस्तुत लेखाचा विषय असेंच एक विस्मृत साधन हा आहे. बांबूच्या किंवा वेताच्या सांगाड्यावर कातडें ताणून केलेली हलकी नाव, हें तें साधन होय. ती कशी बांधीत, तिचाच एक लहान व लांबट प्रकार आज भंडारा जिल्ह्यासारख्या ठिकाणीं घरच्या घरीं कसा बांधतां येईल, आणि त्या बांधणीच्या ज्ञानानें जुने कागद वाचण्यास कोणती मदत होते, अशा तीन गोष्टी क्रमानें मांडावयाच्या आहेत. तिसरी गोष्ट मुख्य आहे. पहिल्या दोन तिच्यासाठींच आहेत.

२

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणांत सैन्याच्या प्रयाणाचें प्रकरण आहे. त्यांत पाणी ओलांडण्याच्या साधनांची यादी दिलेली आहे. हत्ती, पूल, बांध, नावा, लांकडांचे व वेळूंचे जुडगे यांच्या पाठोपाठ तींत अलाबु, चर्मकरंड व दृति हीं नांवें येतात. अलाबु म्हणजे भोपळा; दृति म्हणजे वारा भरून फुगविलेली पखाल. या दोहोंच्या मध्यें आलेला चर्मकरंड म्हणजे कातड्यानें मढविलेली करंडी. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हा शब्द अभ्यासकांच्या डोळ्यांपुढें आहे. यादीचा क्रमही मननीय आहे. ज्यांस पुष्कळ वेळ व पुष्कळ सामग्री लागते अशीं साधनें आधीं आलीं आहेत, आणि नदीकांठीं हातासरशीं उभीं करतां येतील अशीं मागाहून. चर्मकरंडाचें स्थान दुसऱ्या वर्गांत आहे. तो बंदरांत बांधून ठेवावयाचा नव्हे. गरज पडली कीं करावयाचा आणि काम संपलें कीं मोडावयाचा. हा त्याचा स्वभाव ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे.

३

आतां भंडारा जिल्ह्याकडे वळूं. रतनपूरच्या जाजल्लदेवाच्या १११४ सालच्या शिलालेखांत 'भाणार' असें ज्या प्रदेशाचें नांव येतें, तोच हा भंडारा असें अभ्यासक मानतात. शिवनी जिल्ह्यांत उगम पावलेली वैनगंगा बालाघाटाकडून या भागांत उतरते. भंडारा व पवनी हीं गांवें तिच्या कांठीं आहेत. बावनथडी, सूर, चुलबंद या नद्या तिला मिळतात. नद्यांपेक्षांही या जिल्ह्याची ख्याति त्याच्या तलावांमुळें आहे. कोहळी लोकांनीं बांधलेले लहानमोठे तलाव गांवोगांव आहेत. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाला, तेव्हां नवेगांव बांधासारखा विख्यात तलाव त्यांत गेला. तरी तलावांचा जिल्हा हें भंडाऱ्याचें बिरुद कायमच राहिलें.

या पाण्यावर वावरणारा समाज ढिवरांचा. मासेमारी, शिंगाड्याची लागवड व लोकांस पैलतीरीं पोंचविणें हीं त्याचीं पिढीजात कामें. आणि त्याची नाव म्हणजे डोंगा. एका जाड खोडाचा गाभा कुऱ्हाडीनें व वाकसानें कोरून काढावयाचा व बाहेरून तासून दोन्ही टोकें निमुळतीं करावयाचीं, ही त्याची रीति. डोंगा टिकाऊ असतो, खडकावर घासला तरी सहसा फुटत नाहीं, आणि त्यांत सांधा नसल्यानें गळतीची धास्ती थोडी. पण त्याला मोठें झाड लागतें, आणि तो जड असतो. एका माणसानें तो डोक्यावर घेऊन दुसऱ्या तलावाकडे जाणें शक्य नाहीं.

नाव कशाची करावयाची हें बहुतांशीं भोंवतालची भूमि ठरविते. वैनगंगेच्या खोऱ्यांत अरण्य होतें, म्हणून तेथें डोंगा रुजला. देशावरील उघड्या माळाचा बराच भाग याच्या उलट आहे. तेथें मोठें खोड दुर्मिळ, परंतु गुरें विपुल व बांबू विकत मिळण्याजोगा; शिवाय नद्या खडकाळ व पावसाळ्यापुरत्याच भरणाऱ्या. अशा ठिकाणीं खोडाऐवजीं टोपलें व कातडें पुढें येणें स्वाभाविक होतें. या दोहोंशिवाय तिसरें साधन सांगड. दोन भोपळे, दोन ओंडके किंवा दोन डोंगे एकत्र बांधून केलेलें तरण तें सांगड. आज आपण दोन गोष्टींची 'सांगड घालतों' तेव्हां नदी कोणाच्या मनांत नसते; साधन गेलें तरी शब्द मागें राहतो, याचें हें घरचें उदाहरण होय.

४

कातड्यानें मढविलेल्या गोल नावेचें दक्षिणेंतील मुख्य क्षेत्र कृष्णा, तुंगभद्रा व कावेरी या नद्यांचें. कानडींत तिला हरिगोलु म्हणतात, तेलुगूंत पुट्टी, तमिळांत परिसल. १५२० च्या सुमारास विजयनगरास आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाएस यानें आनेगुंदीजवळ ती पाहिली. टोपल्यासारख्या गोल, आंतून वेताच्या, बाहेरून कातड्यानें मढविलेल्या या नावांत पंधरा ते वीस माणसें बसतात, प्रसंगीं घोडे व बैलही नेतात, त्या सरळ न जातां सारख्या फिरत राहतात, आणि या राज्यांत नद्यांवर दुसऱ्या प्रकारच्या नावाच नाहींत, अशा आशयाचें वर्णन त्यानें केलें आहे. सतराव्या शतकांत तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें गोवळकोंड्याच्या मुलखांत नदी ओलांडतांना हीच नाव पाहिली. तळाशीं काटक्यांच्या मोळ्या घालून त्यांवर सतरंजी पसरीत, म्हणजे माल भिजत नसे; चार माणसें चार बाजूंस उभीं राहून वल्हवीत, आणि एकाचा ताल चुकला कीं टोपलें गरगर फिरून प्रवाहाबरोबर खालीं जाई; गाड्या दोन टोपल्यांच्या मध्यें टांगून नेत. पाहणाऱ्यानेंच लिहावें असे हे बारकावे आहेत.

हंपी, होगेनकल वगैरे ठिकाणीं ही गोल नाव अद्याप दिसते. मात्र कातड्याची जागा प्लास्टिकच्या कापडानें व डांबरानें घेतली आहे. आपल्या कृष्णाकांठीं सांगली-कोल्हापूरकडे पुराच्या वेळीं गूळ शिजविण्याची लोखंडी काहील नावेसारखी वापरल्याचें पुष्कळांनीं पाहिलें असेल. काहील ही कातडी नावेची वंशज आहे असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु गोल, उथळ, चपट्या बुडाचें भांडें पुरांत माणसास तारतें, हा अनुभव दोन्हींस समान आहे.

५

ही युक्ति केवळ आपल्याकडची नव्हे. हिरोडोटसानें बाबिलोनकडे येणाऱ्या गोल कातडी नावांचें वर्णन केलें आहे. उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत झाडांच्या काठ्यांचा सांगाडा करून त्यावर कातडीं चढवीत. प्रत्येक नावेंत मालाबरोबर एक गाढवही घेत. बाबिलोनास पोंचल्यावर माल व सांगाडा तेथेंच विकून टाकीत आणि कातडीं गाढवावर लादून पायवाटेनें परत नेत, कारण प्रवाहाच्या उलट नाव नेणें अशक्य होतें. सांगाडा नदीकांठचा, कातडें मात्र धन्याच्या मालकीचें, ही विभागणी येथें स्पष्ट दिसते.

इ. स. पू. ४९ मध्यें स्पेनांत नद्यांच्या पुरामुळें कोंडलेल्या सीझरानें ब्रिटनमध्यें पाहिलेल्या पद्धतीनें काटक्या विणून व त्यांवर कातडें चढवून नावा केल्या, आणि रात्रीं गाड्यांवर घालून त्या दूरच्या ठिकाणीं नेऊन नदी ओलांडली. अमेरिकेंतील मिसुरी नदीकांठचे मांडन लोक एकाच रानबैलाचें कातडें वाकविलेल्या काठ्यांवर ताणून एकादोघांपुरती गोल नाव करीत. उत्तर ध्रुवाकडील लोकांची सीलच्या कातड्याची लांबट कयाक प्रसिद्धच आहे. कातडी नाव समुद्रांत टिकेल काय, या शंकेचें उत्तर टिम सेव्हरिन यानें दिलें. ओकच्या सालींत कमावलेलीं ४९ बैलांचीं कातडीं ॲश लांकडाच्या सांगाड्यावर शिवून, त्यांस लोकरीच्या चरबीनें माखून, त्यानें ३६ फूट लांबीची नाव केली, आणि १९७६ व १९७७ या दोन उन्हाळ्यांत आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत प्रवास केला. जुन्या ग्रंथांतील वर्णन खरें कीं खोटें हें ठरविण्यासाठीं वस्तु बांधून पाहण्याची ही रीति इतिहास-संशोधनासही उपकारक आहे.

६

गोल नावेची बांधणी अशी. जमिनीवर बांबूच्या रुंद कामट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या विणून बुडाची जाळी करावयाची. तिच्यावर मध्यभागीं दगडांचें वजन ठेवून कामट्यांचीं मोकळीं टोकें चोहोंकडून वर वळवावयाचीं. वरच्या बाजूस कामट्यांच्या जुडग्याचा जाड कांठ घट्ट बांधावयाचा. हें काम बुरुडाचें. मग भिजविलेलीं कातडीं जाळीच्या बाहेरून बसवून वादीनें एकमेकांस व कांठास शिवावयाचीं, आणि शिवणीवर चरबी किंवा डांबर भरावयाचें. हें काम कातडें जाणणाऱ्याचें. ओलें कातडें सुकतांना आंखडतें व सांगाड्यास आवळून बसतें. खिळ्यावांचून नाव घट्ट होते ती यामुळें.

परंतु याच गुणांत तिचा दोषही आहे. पाण्यांत फार वेळ राहिलेलें कातडें पुन्हां फुगतें, सैल पडतें व शेवटीं कुजतें. म्हणून नाव रोज पाण्याबाहेर काढून पालथी घालून सुकवावी लागते, आणि वेळोवेळीं चरबी चोळावी लागते. डोंगा पाण्यांत बांधून ठेवतां येतो. चर्मकरंडाची निगा गुराप्रमाणें रोजची आहे.

७

आतां घरच्या घरीं करावयाच्या लहान होडीविषयीं. भंडारा जिल्ह्यांत आज डोंग्यास योग्य खोड मिळणें कठीण. पण बांबू येथला, जवस येथलें, आणि बुरुडाची विद्या अजून गांवांत आहे. कातड्याऐवजीं जाड सुती शिडाचें कापड घ्यावें. तत्त्व तेंच राहतें. गोल नाव एकट्यास सरळ वल्हवितां येत नाहीं, म्हणून लांबट आकार बरा. मापें अशीं धरावीं : लांबी १२ फूट, मध्यें रुंदी सव्वादोन फूट, खोली १ फूट.

बांबू निदान तीन वर्षांचा, थंडींत तोडलेला असावा. कोंवळ्यास भुंगा लवकर लागतो. तोडल्यावर तो तीनचार आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवावा, म्हणजे त्यांतील गोडवा निघून जाऊन किडीचें भय कमी होतें. मग सावलींत वाळवावा. या भागाच्या जंगलांतील बांबू पुष्कळसा भरीव असतो, तो कांठांस उत्तम.

प्रथम अंगठ्याहून थोडे जाड असे दोन लांब बांबू घेऊन त्यांचीं टोकें एकमेकांस बांधावीं, व मध्यें सव्वादोन फुटांची आडवी काठी घालून ते पानाच्या आकारांत फांकवावे. तिच्या दोन्ही बाजूंस आणखी एकेक आंखूड आडवी काठी बसवावी. हा झाला कांठ. तो दोन घोड्यांवर पालथा ठेवावा. नंतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक मजबूत कामटी कण्याप्रमाणें बांधावी. मध्यें तिची उंची कांठापासून १ फूट, टोकांकडे कमी होत गेलेली. मग बरगड्या. इंचभर रुंदीच्या कामट्या रात्रभर भिजवून हळूहळू वाकवाव्या. बांबूची हिरवी पाठ बांकाच्या बाहेरील अंगास ठेवावी, कारण ताण सोसण्याची शक्ति तिच्यांत आहे. सहासहा इंचांवर एकेक बरगडी कण्यावरून घेऊन दोन्ही कांठांस बांधावी. शेवटीं दोन्ही बाजूंस तीनतीन लांब कामट्या बरगड्यांवरून टोकापर्यंत न्याव्या.

प्रत्येक छेदावर सुतळीनें बांधावें. खिळा मारूं नये. खिळ्यानें बांबू चिरतो, आणि ताठ झालेला सांगाडा धक्का लागतांच मोडतो. दोरीनें बांधलेला सांगाडा किंचित् लवतो व पुन्हां जागेवर येतो. सांगाडा तयार झाल्यावर त्यावरून तळहात फिरवावा. जेथें हातास कूस लागेल तेथें कापड फाटणार हें निश्चित समजून ती घासून काढावी.

कापड १४ फूट लांब व ५ फूट रुंद घ्यावें. तें कण्यावर मधोमध टाकून आधीं मध्यभागीं, मग दोन्ही टोकांकडे ताणीत न्यावें, व कांठावरून आंत वळवून दाभणानें शिवावें. टोकांस चुण्या न पाडतां जादा कापड कापून दुहेरी शिवण घालावी. मग वरून कढत पाणी ओतावें. कोरें सुती कापड भिजलें कीं आंखडतें. कातड्याचें काम येथें कापडही आपल्या परीनें करतें. पूर्ण वाळल्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलांत गेरू खलून त्याचे तीन हात द्यावे, आणि प्रत्येक हात कोरडा होईपर्यंत दुसरा देऊं नये. याला दिवस लागतात. येथें एक सूचना आवश्यक आहे. जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप तापून पेट घेतात. म्हणून त्या पाण्यांत बुडवाव्या किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्या.

दोन्ही टोकांत वाळलेले भोपळे किंवा झांकण घट्ट बसविलेले रिकामे डबे बांधावे, म्हणजे होडींत पाणी भरलें तरी ती बुडणार नाहीं. कौटिल्याच्या यादींतील अलाबु येथें चर्मकरंडाच्या मदतीस येतो. बसणें नेहमीं तळाशीं, कण्यावर. उंच बसल्यास होडी कलंडते. पहिली परीक्षा गुडघाभर पाण्यांत दगड भरून करावी, माणूस बसवून नव्हे. आणि पोहतां न येणाऱ्यानें तींत एकट्यानें बसूं नये.

८

या होडीवर किती भार घालतां येईल, हें आधींच काढतां येतें. नाव जितकें पाणी बाजूस सारते तितक्या पाण्याच्या वजनाइतका भार ती सोसते, आणि एक घनफूट पाण्याचें वजन सुमारें २८.३ किलो असतें. आपली होडी ५ इंच बुडाली असें धरूं. पाण्यापाशीं लांबी ११ फूट व रुंदी २ फूट धरल्यास चौकोनी पेटीचा हिशेब सव्वानऊ घनफुटांच्या आसपास येतो. निमुळत्या टोकांमुळें व गोलाईमुळें त्याचा अर्धा घ्यावा. म्हणजे साडेचार घनफुटांवर, अर्थात् सुमारें १३० किलो. होडीचें स्वतःचें वजन, एक माणूस, जाळें व थोडे मासे यांस एवढें पुरे. दुसरा धडधाकट माणूस घेऊं नये.

हाच हिशेब पाएसच्या लिहिण्यास लावून पाहूं. १० फूट व्यासाच्या टोपल्याचें क्षेत्र सुमारें ७८.५ चौरस फूट. तें १ फूट बुडालें व गोलाईसाठीं तिसरा हिस्सा सोडला, तर सुमारें ५२ घनफूट, म्हणजे १,४८० किलोच्या आसपास भार होतो. वीस माणसांचें वजन, प्रत्येकीं ६० किलो धरल्यास, १,२०० किलो. तेव्हां पंधरा ते वीस माणसें हा आंकडा फुगविलेला नाहीं. तो १० फुटांच्या टोपल्यास नेमका जुळतो. प्रवाशांच्या लिहिण्यावर एकदम विश्वासही ठेवूं नये व एकदम अविश्वासही. जेथें गणित करतां येतें तेथें गणित करावें.

९

येवढ्याशा टोपल्यास इतिहासांत किती वजन आहे, हें १८०३ सालच्या युद्धावरून दिसेल. मराठी फौजांची मोहीम दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर सुरू व्हावयाची हा परिपाठ. त्याला धार्मिक रूप होतें तसेंच व्यावहारिक कारणही होतें : पाऊस सरून नद्या उतरल्यावांचून घोडदळास मोकळेपणीं हालचाल करतां येत नसे. आर्थर वेलस्ली यानें नेमका हाच परिपाठ हेरला. नद्या भरलेल्या असतांनाच मराठ्यांशीं युद्ध करणें आपल्यास सोयीचें, कारण त्यांचा भर घोडदळावर असून पूर आला कीं तें अडतें, आणि ज्याच्यापाशीं नावांची तजवीज आहे तो अडत नाहीं, अशा आशयाचें मत त्यानें लिहून ठेविलें आहे. त्याप्रमाणें १८०३ च्या मोहिमेंत त्यानें टोपलीच्या कातडी नावांची व्यवस्था केली. १२ ऑगस्ट रोजीं अहमदनगरचा (आतां अहिल्यानगर) किल्ला हातीं आल्यावर त्याच महिन्यांत त्याची फौज अशा नावांच्या साह्यानें गोदावरी उतरली.

२३ सप्टेंबर १८०३ रोजीं, दसरा येण्यापूर्वींच, असईची लढाई झाली. त्या दिवशीं केळणा नदी इंग्रजांनीं उतारानें ओलांडली, नावेनें नव्हे. तेव्हां असईचें यश कातडी नावेच्या पदरीं घालणें चूक होईल. परंतु ज्या ऋतूंत शत्रु येणार नाहीं असा सर्वांचा समज, त्या ऋतूंत तो गोदावरीच्या अलीकडे उभा होता, हें त्या नावेचें काम. दौलतराव शिंद्यांबरोबर त्या रणांगणावर नागपूरकर दुसरे रघूजी भोसलेही होते, आणि भंडारा प्रांत त्यांच्याच राज्यांतला. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें त्यांस कटक व वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडावें लागलें. वैनगंगेच्या डोंग्यांवर ज्याची सत्ता, त्याच्या राज्याचा मोठा लचका तोडला जाण्याच्या हकीकतींत कृष्णाकांठच्या टोपल्याचा अंश आहे.

१०

आतां मुख्य मुद्दा. कागदांत या नावेचा माग कसा काढावा? 'नाव' हा शब्द शोधीत बसणारास ती पुष्कळदां सांपडणार नाहीं. डोंगा किंवा तरीची मोठी नाव ही एक वस्तु असते. ती विकत घेतात, तिच्या दुरुस्तीचा खर्च पडतो, तिच्यावर नावाडी नेमतात. चर्मकरंड ही तशी वस्तुच नव्हे. तो जागेवर तयार होतो व जागेवर मोडतो. सांगाडा सरपणांत जातो, कातडें सामानांत परत येतें. म्हणून जमाखर्चांत त्याचे अवयव सांपडावे, तो सबंध सांपडूं नये, हेंच अपेक्षित आहे. कातडीं, वाद्या, वेळू किंवा कामट्या, चरबी, डांबर, बुरुडाची मजुरी, चांभार किंवा ढोर यांची मजुरी, कोळी-भोयांचा मुशारा, अशा सुट्या नोंदी वेगवेगळ्या खात्यांवर विखुरलेल्या असतील. शिवाय कागद लिहिणाराचा हात निराळा व कातडें शिवणाराचा निराळा. लिहिणारास त्या कामाचें नांव लिहून ठेवण्याचें अगत्य वाटलें नसल्यास नवल नाहीं.

येथें सावधगिरीही सांगितली पाहिजे. एका नोंदीवरून निष्कर्ष काढूं नये. कातडें मोटेस, खोगिरास व पखालीस लागतें. चरबी गाड्यांच्या आंसांस लागते. बांबू तंबूस व छपरास लागतो. परंतु जेथें चार गोष्टी एकत्र येतील, म्हणजे मुक्काम मोठ्या नदीकांठचा, मास आषाढ ते भाद्रपद, कातडें व बांबू यांची खरेदी एकाच आठवड्यांतली, आणि बुरूड व चांभार यांची मजुरी एकाच ठिकाणची, तेथें नाव बांधली गेली असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. त्यापुढें कातड्यांची संख्या मिळाली तर वर दिलेल्या रीतीनें नावांचा आकार व एका खेपेचा भार काढतां येईल, आणि त्यावरून फौजेस उतरावयास किती दिवस लागले याचा अजमास बांधतां येईल. पत्रांतील तिथींच्या मधलें अंतर, जें आज आपणांस निष्कारण रेंगाळणें वाटतें, तें कित्येक ठिकाणीं केवळ कातडें सुकण्याचा काळ असूं शकेल.

पटवर्धनी दफ्तरांतील किंवा नागपूरकर भोसल्यांच्या कारभाराचे सुटे जमाखर्च ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं असले किरकोळ बंद निरुपयोगी म्हणून बाजूस टाकूं नयेत, अशी विनंति आहे. राजकारणी पत्रें पुष्कळांनीं वाचलीं. बुरुडाच्या मजुरीचे कागद मात्र वाळवीच्या वाट्यास अधिक जातात. तसेंच भंडारा जिल्ह्यांतील वाचकांनीं वृद्ध ढिवरांकडून डोंग्याच्या अवयवांचीं, गांठींचीं व उतारांचीं नांवें टिपून घ्यावीं. पवनी तालुक्यांत गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ सालीं झाली व पुढें जलाशय भरला. त्याच्या पोटांतील जुने उतार आतां केवळ माणसांच्या आठवणींत आहेत. कातडें कुजतें, बांबूस भुंगा लागतो, उतार पाण्याखालीं जातो. या विद्येचें जें कांहीं उरलें आहे तें दोनच ठिकाणीं : म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं व जुन्या कागदांच्या रुमालांत. दुसऱ्याची राखण आपल्याकडे आहे. पहिल्यास मात्र वाट पाहण्यास वेळ नाहीं.